पुस्तकाला लागलेली वल

वकिलीणबाईंनी पुस्तकावर पाणी शिंपडलं. माझ्या डोळ्यांदेखत. पंचपात्रीत तुळशीचं पान बुडवलं, शिंपडलं आणि मगच उंबऱ्यावरचं पुस्तक उचललं. आत शिकलेली मंडळी बसलेली. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

लोणावळ्याला वकीलसाहेबांचा बंगला. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची मंडळी हवापालटाला आली की रविवारी तिथं इंग्रजी कादंबरीवर चर्चा चालायची. मी वडगावच्या महारवाड्यातला. इंग्रजी शिकणारा आमच्यातला पहिलाच. परीक्षेला तीच कादंबरी होती आणि ती विकत घ्यायची ऐपत नव्हती. साहेब म्हणाले, "येत जा. पुस्तकही घरी नेत जा." मंडळी आत, मी ओसरीवर, खिडकीखाली. मला त्याचं काही वाटायचं नाही, म्हणजे बघा! उलट वस्तीत मिरवायचो, साहेब मला पुस्तक देतात म्हणून.

कादंबरी अमेरिकेतली. कापसाच्या मळ्यावरचा एक गुलाम, आणि त्याला चोरून अक्षरं शिकवणारी मालकीण. साहेब वाचताना गहिवरायचे. मंडळी रुमाल काढायची.

इकडं पुस्तकाची पानं फुगत चाललेली. पुठ्ठ्यावर डाग. मी घाबरलो. आई म्हणाली, "आपल्या घराचीच वल लागली आसंल रं. लोकाची वस्तू. पुन्ना न्हाई द्यायचे." तिनं आपल्या एकुलत्या एक धड लुगड्यात पुस्तक गुंडाळलं आणि तांदळाच्या कणगीत ठेवलं. बाहेर ऊन मरणाचं. भुई तापलेली. घरात ओल यायची कुठून? पण आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. दोष आपलाच, ही सवय हाडीमाशी मुरलेली. मी साहेबांची माफीसुद्धा मागितली. ते म्हणाले, "असू दे, असू दे." त्यांना सगळं ठाऊक होतं!

तर त्या रविवारी साहेबांनी विचारलं, मालकिणीचा स्वभाव कसा? कुणी म्हणालं करुणामूर्ती. कुणी म्हणालं आईच. मी खिडकीतून बोललो, "तिला त्याची दया येते. पण तो शेजारी बसलेला तिला चालत नाही."

साहेब हसले. "वा! बघा, ह्या लोकांना हे आतून कळतं." सगळ्यांनी माना वळवून मला बघितलं, जत्रेतलं अस्वल बघावं तसं. आणि मी खूश झालो. लाज वाटते सांगायला, पण खूश झालो.

साहेबांना उतारा वाचून दाखवायचा होता, आणि पुस्तक माझ्याकडं होतं. नेहमी पुस्तक ठेवून मी ओसरीवर परतलो की मागं काय व्हायचं ते दिसायचं नाही. त्या दिवशी साहेबांना घाई होती. मी उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथंच उभा राहिलो. बाईंनी पाणी शिंपडलं.

साहेब म्हणाले, "अगं, पाणी कशाला? पानं खराब होतात. नुसतं उन्हात ठेवत जा."

आणि उतारा वाचू लागले. मालकीण गुलामाच्या डोक्यावरून हात फिरवते, तो. त्यांचा आवाज कापत होता.

माझ्या डोळ्यांपुढं आईचं लुगडं आलं.

वाचून झाल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी तू गुलामाचं स्वभावचित्र लिहून आण. तुझ्याइतकं कुणाला जमायचं नाही."

इतके दिवस जपून बोललेली पुस्तकी भाषा तोंडातून पळाली. म्हणालो, "गुलामाचं न्हाई लिव्हणार. मालकिणीचं लिव्हतो. आन् आत बसून वाचतो."

"आत?"

"व्हय. आत."

"फार शेफारलास," साहेब म्हणाले. बाईंनी खिडकी लावून घेतली.

पुस्तक तिथंच राहिलं. परीक्षाही राहिली त्या वर्षी.

घरी आलो. आईनं माझे रिकामे हात बघितले. "दिलं न्हाई व्हय रं? आपल्या वलीनं नासलं म्हनून?"

"आये, वल आपल्या घरची नव्हती. त्येंच्या घरची व्हती."

ती उठली, कणगीतनं लुगडं काढलं, झटकलं आणि नेसली.

त्या दिवसापासून मी कुणाच्या ओसरीवर बसलो नाही. बसवायचं तर आत बसवा. नाहीतर मी रस्त्यावर उभा राहीन, आणि तिथून मोठ्यानं वाचीन.