खालाने गाळून दिलेलं पाणी

आम्ही बाटली बुडवायच्या आधी खाला खाडीचं पाणी चाटून बघायची. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, बाजूला थुंकायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. "आज बरी हाय." नाहीतर, "आज वरून कायतरी आलंय गो, जीभ सोलते." पहिल्या दिवशी हा प्रकार बघून सायली किंचाळलीच. ती माझी जोडीदारीण, कोल्हापूरची. म्हणाली, "अहो खाला, त्यात काय काय असतं माहितीये का तुम्हाला?" खाला शांतपणे म्हणाली, "तेच तर बघतंय मी."

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी आणि सायली रत्नागिरीच्या एका संस्थेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप करायला आलो होतो. विषय पर्यावरण, काम खाडीच्या पाण्याचे नमुने घेण्याचं. मी सावर्ड्याची, म्हणजे याच जिल्ह्यातली, पण खाडी मी तोवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेली. त्या चिखलात कुठे पाय टाकला तर घोट्यापर्यंत जातो आणि कुठे टाकला तर कमरेपर्यंत, हे ओळखणारं माणूस हवं होतं. संस्थेतल्या कुणीतरी खालाचं नाव सुचवलं. वय साठीच्या पुढे, मुलगा कतारला, घरात सून आणि दोन नातवंडं. आयुष्यभर तिने त्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकल्या. सगळा मोहल्ला तिला खाला म्हणायचा, म्हणून आम्हीही.

चालताना तिचं एकच सांगणं. "मी पाय ठेवला तिथंच ठेवायचा. शाणपणा नाय करायचा." सायलीने दुसऱ्याच आठवड्यात शहाणपणा केला आणि तिची नवी कोरी सँडल खाडीला अर्पण झाली. खाला पोट धरधरून हसली. मग स्वतः कोपरापर्यंत हात घालून शोधत बसली, आणि मिळाली नाही तेव्हा आपल्या चपला काढून सायलीला दिल्या. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की ती म्हणायची, "मी तुमची कोण लागतंय मग?"

पाणी तपासायचं आमचं मीटर म्हणजे तिच्या मते थर्मामीटर. मी ते पाण्यात धरलं की ती वाकून विचारायची, "किती ताप हाय तिला?" मी आकडा सांगायचे. तो कसला आकडा, हे तिला कळत नव्हतं, पण मी तो वहीत लिहिते आहे याकडे बारीक लक्ष असायचं. "लिवलंस ना गो?" हा प्रश्न तिने त्या आठ आठवड्यांत मला किती वेळा विचारला असेल, देव जाणे. मला कधी कधी रागही यायचा. लिहितेय ना बाई, दिसत नाही का?

राग यायला नको होता. तिचं सगळं त्या लिहिण्यावरच अडलं होतं. दोन वर्षं तिच्या बाजूच्या काठावर तिसऱ्या मरत होत्या. पाटीभर वेचाव्यात तर अर्ध्या तोंडं उघडून पडलेल्या, वास मारणाऱ्या. असल्या तिसऱ्या खाला विकायची नाही. पाटी घरात उलटी पडली होती आणि सून आंब्याच्या बागेत पेट्या भरायला जात होती. आंबा संपला की तेही काम संपणार. खालाचा हिशेब सरळ होता. "तोंडानं बोंबलून कोण ऐकत नाय. कागदावर येऊ दे. कागद बघितला की सायब येईल, सायब आला की वरून येतंय ता घाण पाणी बंद होईल." आणि कागद लिहिणार कोण, तर आम्ही दोघी, वीस-वीस वर्षांच्या, ज्यांना स्वतःचा चहा धड करता येत नव्हता.

घोळ असा होता की संस्थेची गाडी आम्हाला फक्त गुरुवारी मिळायची, आणि गुरुवारी सकाळी दहालाच. खाला पहिल्या दिवसापासून सांगत होती, "दहाला काय बघताव? अवस-पुनवेच्या उधाणात दहाला खाडी समिंदराच्या पाण्यानं भरलेली. पहाटेच्या सुकतीला या. सगळं पाणी उतरतं ना, तवा वरून काळं येतं." मी हे संस्थेतल्या सरांना सांगितलं. आमचे सर वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. ते म्हणाले, "बरोबर असेल तिचं. पण वेळ ठरलेली आहे, मधेच बदलली तर आधीच्या आकड्यांशी तुलना कशी करणार? आणि पहाटे गाडी कोण देणार?" म्हणजे आमचं विज्ञान ड्रायव्हरच्या सोयीने चालायचं. मी चिडले, दोन दिवस धुसफुसले आणि गप्प बसले.

मग मी माझ्या परीने एक धाडस केलं. एक स्वच्छ बाटली गुपचूप खालाकडे ठेवली. म्हटलं, "अवसेच्या सुकतीला काळं पाणी आलं की ही काठोकाठ भर. झाकण घट्ट लाव. बर्फात ठेव. हात आत घालू नकोस." तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि बाटली कपाटात, मुलाच्या कागदपत्रांशेजारी ठेवली.

पुढच्या गुरुवारी ती काठावर आमची वाटच बघत होती. मासळीच्या पेटीत बर्फ, बर्फात बाटली. मला म्हणाली, "घे! कोळशासारखं काळं आलेलं गो. मासं उलटं तरंगत हुते." मी बाटली उचलली, उजेडात धरली. पाणी जरासं पिवळट, बाकी स्वच्छ. मी म्हटलं, "खाला, हे काळं कुठाय?"

"अशी घाण देऊ काय तुमच्या हातात?" ती म्हणाली. "चांगलं चार येळा गाळून दिलंय. ईदची ओढणी घेतली, नवी."

हात घालू नकोस म्हणून सांगितलं होतं. गाळू नकोस म्हणून सांगायचं मला सुचलंच नव्हतं. परक्याच्या पोरींच्या हातात काही द्यायचं तर ते निवडून-पाखडून, गाळूनच द्यायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी विचारलं, "ती ओढणी कुठाय?" खाला खूश होऊन म्हणाली, "धुतली. निळीत घातली, डाग पण ऱ्हायला नाय बघ." दोरीवर ती पांढरीशुभ्र ओढणी वाळत होती. सायली दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मला रडावं की हसावं ते कळेना. खालाला मात्र म्हटलं, "छान केलंस."

सरांनी बाटली बघितली आणि परत माझ्या हातात दिली. "न गाळलेलं असतं तर निदान निरीक्षण म्हणून एक ओळ लिहिता आली असती," म्हणाले. पुढचं उधाण पुनवेचं, आणि आमची इंटर्नशिप त्याच्या चार दिवस आधी संपत होती. मला थांबता आलं असतं. मावसबहिणीचं लग्न होतं, घरून फोनावर फोन येत होते, ही कारणं खरी आहेत. पण थांबता आलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

अहवाल मीच टाइप केला. आठ गुरुवार, आठ आकडे, त्यांची सरासरी, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य: निरीक्षणाच्या काळात पाण्याचा दर्जा समाधानकारक आढळला. आकड्यांतून दुसरं काही निघतच नव्हतं. आभाराच्या पानावर खालाचं पूर्ण नाव घातलं. निघायच्या दिवशी तिला एक प्रत दिली. "माझं नाव कुठं हाय?" तिने विचारलं. मी दाखवलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं, सुनेला हाक मारून दाखवलं आणि म्हणाली, "आता झाला कागद." तिने वाटेत खायला फणसाची गोड सांदणं बांधून दिली होती. एसटीत मी ती पुडी उघडलीच नाही.

पाचेक महिन्यांनी गावच्या शाळेत सभा झाली. खरोखरच साहेब आले होते. हे सगळं मला खालाच्याच फोनवरून कळलं. ती उठून उभी राहिली आणि तिने आमचा अहवाल पुढे केला. साहेबांनी पानं उलटली, शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, मग मराठीत करून सांगितलं, आणि म्हणाले, "आजी, तुमच्याच कागदात लिहिलंय, पाणी चांगलं आहे."

फोनवर मी शिव्यांची वाट बघत होते. खाला रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण तिच्या आवाजात राग नव्हताच.

"तू शिकलेली हायस, तू लिवलंस म्हंजे पाणी चांगलंच असणार," ती म्हणाली. "मग माझ्या तिसऱ्या कशानं मेल्या गो? माझाच पाय वाईट काय?"

मी म्हटलं, "खाला, आवाज तुटतोय, नंतर करते," आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.