बुबुळरावांची खिडकी

माझा उजवा डोळा आतून बिघडला आणि डॉक्टरांनी तो काढून टाकला. एवढं सांगून मी तो विषय संपवतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो नवा डोळा बसवणारा माणूस. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या घरातला बसड्रायव्हर त्यांना बुबुळराव म्हणायचा, म्हणून मीही तेच धरलं.

बुबुळराव हॉस्पिटलच्या तळघरात खोटे डोळे करायचे. कवळीला जे प्लास्टिक लागतं, तसलंच या डोळ्यांना लागतं. साचा काढायचा, उकळायचा, घासायचा, सगळं तिथंच. पण रंग मात्र ते घरी, दिवसाउजेडी भरायचे. "तळघरात ट्यूबलाइट आहे," ते म्हणाले. "तिच्या उजेडात रंगवलेला डोळा उन्हात नेला की दोन डोळे दोन घरचे दिसतात." त्यामुळे आम्ही पेशंटमंडळी त्यांच्या घरी जायचो. हॉलच्या खिडकीशी एक टेबल होतं, तेवढीच त्यांची दुनिया.

घर तिघांच्या भाड्याचं. हे, तो ड्रायव्हर आणि रात्रपाळी करणाऱ्या एक नर्स. नात्यागोत्याचं कुणी कुणाचं नाही. स्वयंपाकघर एक, हॉल एक आणि भांडायला जागा एक.

काम कसं चालायचं ते ऐका. शर्टाच्या बटणाएवढी चकती, तेच पुढे बुबुळ. माझी हनुवटी धरून ते माझ्या चांगल्या डोळ्यात बघत राहायचे, मग चकतीवर एक रेघ. पुन्हा बघणं, पुन्हा रेघ. पांढऱ्या भागावरच्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे तंतू, सुटे करून एकेक चिकटवलेले. एकदा म्हणाले, "आजोबा, तुमच्या बुबुळात खालच्या अंगाला एक तांबूस ठिपका आहे, मोहरीपेक्षा बारीक." जन्मभर मी हा डोळा वागवला, रोज आरशात बघून दाढी केली, आणि मला पत्ता नाही. घरी येऊन बायकोला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आहे की. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

तर माझा डोळा अर्धा झाला असताना त्या घरात माश्या झाल्या. आल्या नव्हेत, झाल्या. साखरेच्या डब्यावर, दिव्याच्या वायरवर, ड्रायव्हरच्या टकलावर. टेबलावर तर जत्राच. एक बया थेट माझ्या ओल्या बुबुळावर उतरली आणि आपला एक पाय तिथं ठेवून उडून गेली.

मी म्हटलं, "राहू द्या हो. एका पायानं काय होतंय? मला थोडाच दिसणार आहे?"

"तुम्हाला नाही दिसणार," बुबुळराव म्हणाले. "हा डोळा समोरच्याने बघायचा आहे." चकती पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात.

मग एके दुपारी नर्स झोपमोड झालेल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. "तुमचं ते उग्र वासाचं रसायन आणि तुमचे पेशंट. माश्या येणार नाहीत तर काय फुलपाखरं येतील?"

"सिस्टर, वास तर माश्यांना आवडत नाही."

"मला तरी कुठं आवडतो?"

ड्रायव्हर शर्टाला इस्त्री करत होता. तो म्हणाला, "माझी तक्रार माणसाबद्दल नाही, टेबलाबद्दल आहे. रविवारपर्यंत माश्या गेल्या नाहीत तर टेबल काढायचं. डोळे हॉस्पिटलात रंगवा."

"तिथं रंग खोटे येतात."

"मग काय बिघडलं? खोट्या डोळ्याला खोटा रंग."

बुबुळराव हसलेही नाहीत, भांडलेही नाहीत. ब्रश धुतले, चटई घेतली आणि पॅसेजमध्ये उताणे पडले. मला वाटलं, बिचाऱ्याला चक्कर आली. पण ते नुसते वर बघत होते. माझ्या डोळ्यात बघायचे तसेच, न कंटाळता. ड्रायव्हर त्यांना ओलांडून मोरीत गेला आणि परत आला. "हा आता माश्यांना डोळे करून देणार बहुतेक," मला म्हणाला.

बऱ्याच वेळानं बुबुळराव पडल्या पडल्याच बोलले, "माश्या खिडकीतून येत नाहीत. माळ्याच्या फळ्यांतून खाली उतरतायत."

तो माळा तिघांचा, म्हणजे कुणाचाच नाही. स्टूल आणलं. जुन्या बॅगा उतरल्या, फुटका पंखा उतरला, आणि शेवटी गुंडाळलेली गादी. गादीत उंदीर मेलेला, आणि त्याच्या अंगावर काय वळवळत होतं ते जेवणारी माणसं वाचत असतील म्हणून लिहीत नाही. गादी ड्रायव्हरची. त्यानं ती तशीच उचलली आणि दोन-दोन पायऱ्या एका उडीत घेत खाली कचऱ्यात नेऊन टाकली.

उगम गेला, पण झालेल्या माश्या घरातच. फडकी मारून दमलो. तेवढ्यात बुबुळरावांनी नर्सबाईंच्या दारावर टकटक केली. झोपलेल्या सिस्टरना उठवणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं.

"सिस्टर, तुमच्या खोलीत किती माश्या आहेत?"

"एकही नाही. जाड पडदे आहेत, अंधार असतो. त्यांना अंधार आवडत नाही, मला आवडतो. जाऊ आता?"

"मग आज उलटं करू या का? सगळं घर अंधार करतो. उजेड फक्त तुमच्या खिडकीत. तुमची झोप जाईल."

सिस्टर दाराला धरून उभ्या राहिल्या. रात्रभर माणसं सांभाळून आलेली बाई. मग आत गेल्या आणि पडदे सर्रकन बाजूला सारल्याचा, खिडकी उघडल्याचा आवाज आला.

आम्ही हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, स्वयंपाकघराच्या झरोक्याला पुठ्ठा. घरात काळोख झाला, आणि पॅसेजच्या टोकाला सिस्टरच्या दाराची उजळ चौकट तेवढी राहिली. आधी काहीच नाही. मग गुणगुण सुरू झाली. भिंतींवरून, छतावरून, भांड्यांवरून माश्या सुटल्या आणि त्या चौकटीकडे निघाल्या. हाकलणारं कुणी नाही, बोलावणारं कुणी नाही. उजेडात शिरताना एकेकीचे पंख चमकायचे, की लगेच खिडकीबाहेर. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. एक डोळा कमी असल्याचं त्या वेळी फार जाणवलं. ड्रायव्हर कुजबुजला, "बसमधून पण इतकं शहाण्यासारखं कुणी उतरत नाही."

हॉलच्या चादरी काढल्या आणि बुबुळराव लगेच टेबलाशी बसले. उजेड चांगला होता, बुबुळ पुरं झालं होतं, फक्त तो तांबूस ठिपका द्यायचा राहिला होता. सिस्टरना आता झोप येणार नव्हती. त्या टेबलावर ओणवून बघायला आल्या. इतके दिवस एका घरात राहून त्यांनी हे काम पाहिलं नव्हतं.

ब्रशला जेमतेम दोन केस असतील. तो खाली येऊ लागला, आणि कुठं दडली होती देव जाणे, एक माशी आली आणि सिस्टरच्या गालावर बसली. खाली वीतभर अंतरावर ओलं बुबुळ. हाकलली असती तर ती तिथंच उतरली असती. सिस्टर हलल्या नाहीत. माशी गालावरून ओठाच्या कडेला गेली, पाय चोळत बसली, तिथून पापणीपाशी. पापणी लवली नाही. श्वाससुद्धा त्या नाकातून हळूहळू, मोजून सोडत होत्या. मी ठिपका पडताना पाहिलाच नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. बुबुळरावांनी ब्रश उचलला आणि चकतीवर काचेचा पेला उपडा घातला. तेव्हा कुठं सिस्टरनी गालावर सपकन हात मारला.

मग पेल्यातून बराच वेळ बघत राहिल्या. बुबुळाकडे, माझ्याकडे, पुन्हा बुबुळाकडे.

"टेबल कुठंही जाणार नाही," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "उलट खिडकीला आणखी चिकटवा. यांना उजेड कमी पडतोय."

ड्रायव्हरनं बाह्या सरसावल्या आणि टेबलाची कड धरली.

"आत्ता नको," बुबुळराव म्हणाले. "डोळा ओला आहे."