मंगलाष्टकाची चाल

कविता शब्दांनी होते, असं मला पंचविसाव्या वर्षी ठाम वाटायचं. दीडशहाणा होतो मी. अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचो, मुलांकडून वृत्तं घोकून घ्यायचो आणि मनातून त्याच वृत्तांना नाकं मुरडायचो. त्यातही शार्दूलविक्रीडिताचा तर मला संतापच यायचा. लग्नात जो उठेल तो त्याच ठेक्यात नवरा-नवरीची नावं कोंबतो, बारा अक्षरांवर थांबतो, उरलेली सात ओढतो, आणि लोक जेवणाची वाट पाहत अक्षता फेकतात.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, माझी माय गेली. गावाहून, देऊळघाटहून केलेली तार मला दुसऱ्या दिवशी मिळाली. मी घरी पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतून, आंघोळी करून ओसरीत बसली होती. मायचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. ते अजून सलतं.

आमच्याकडे रीत अशी, की घरातलं माणूस गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. धाकट्या बहिणीचं सोनाळ्याला ठरलं होतं. सोनाळ्याचे लोक तीन वर्षं कशाला थांबतील? बाबांनी वैशाखातला मुहूर्त धरला. मायच्या जागी मावशी आली आणि तिनं सगळं घर अंगावर घेतलं.

मंगलाष्टक मी म्हणावं असं बहिणीनंच सुचवलं. मला तेवढंच पुरे झालं. मी ठरवलं, ते चऱ्हाट वळायचं नाही. माय जात्यावर ज्या चालीत ओव्या म्हणायची, त्या चालीत लिहायचं. गावात पिठाची चक्की आल्यावर जातं थांबलं होतं, पण चाल माझ्या कानात पक्की होती. पहिली ओळ चढायची, दुसरी उतरायची, आणि शेवटचं अक्षर ती छातीतला दम संपेपर्यंत लांबवायची. शब्द मात्र मी सगळे आनंदाचे घातले:

मांडवाच्या दारी बाई, तोरण आंब्याचं
सुख येवो गं पाहुणं, कायमच्या मुक्कामाचं

अशा आठ ओव्या झाल्या. एकही अशुभ शब्द नव्हता, शोधूनही सापडला नसता. कुणाला ऐकवल्या नाहीत, कारण मला सगळ्यांना थक्क करायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुलढाण्याहून भोंगा भाड्यानं आणला होता. अंतरपाट धरला, गुरुजींची तीन मंगलाष्टकं झाली आणि माइक माझ्या हातात आला. पहिली ओळ म्हटली आणि मांडव चिडीचूप झाला. मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर मी लांबवलं, मायसारखंच. समोर मावशीनं पदर तोंडावर ओढला. तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनीही ओढला. तरी मला कळलं नाही, मी आपला दुसऱ्या ओवीला लागलो. ती संपते न संपते तोच अंतरपाटाआडून आवाज आला. माझं अक्षर जिथं थांबलं तिथून माझ्या बहिणीनं हेल उचलला होता. त्याच चालीत, मोठ्यानं, मायला हाका मारत ती रडत होती.

अक्षतांची रंगवलेली ज्वारी लोकांच्या मुठीत तशीच राहिली. गुरुजींनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला आणि घाईघाईनं पुढचं मंगलाष्टक सुरू केलं. लग्न लागलं. पण नवऱ्या मुलाच्या आईनं चार बायकांत बोलून टाकलं, की भरल्या मांडवात हे रडगाणं कशाला, हा चांगला शकुन नाही.

मी मावशीला गाठलं आणि तिच्याशीच भांडलो. यात रडण्यासारखा शब्द कोणता आहे, तेवढा दाखव म्हणालो.

"शब्द कोण ऐकते?" ती म्हणाली. "याच चालीत आम्ही माह्या बहिणीले रडलो. ती ओसरीत निजेल होती अन् तुही बहीण तिच्या उशाशी होती. तू कुठं होता तवा?"

तार उशिरा मिळाली, म्हणालो. दुसरं काय सांगणार? ती चाल मला जात्याशी ऐकू येत होती, आणि त्या सगळ्या जणींना मायच्या प्रेताशी.

त्याची किंमत बहिणीनं दिली. सोनाळ्याला बैल मेला, विहीर आटली, तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दर वेळी सासूनं त्या मांडवाचा विषय काढला. भावानंच रडून पाठवणी केली, म्हणायची. दोन दिवाळ्या तिला माहेरी धाडलं नाही. मी कविता लिहिणं सोडून दिलं. कोणी कारण विचारलं की चिडायचो.

बावीस वर्षांनी तिच्या मुलीचं लग्न निघालं. बहीण स्वतः अकोल्याला आली. म्हणाली, मंगलाष्टक तूच म्हण. मी नाहीच म्हणालो, तोंडही फिरवलं. ती उठेना.

"मायले आण दादा मांडवात," ती म्हणाली. "पण कोणाले कळू नको देऊ."

मग मी शार्दूलविक्रीडित लिहिलं. ज्याला आयुष्यभर नावं ठेवली तेच. त्यात तोरण नव्हतं, सुख नव्हतं, शेवटचं ठरलेलं पालुपद सोडलं तर एकही मंगल शब्द मी घातला नाही. 'जागा एक रिती इथे भर घरी, मायेविना आज ही', अशी सुरुवात होती, आणि पुढच्या तिन्ही ओळी याहून काळ्या. सोनाळ्याच्या मांडवात मी ते नेहमीच्या ठेक्यात म्हटलं. बारावर थांबलो, सात ओढली. 'कुर्यात् सदा मंगलम्' आल्याबरोबर ज्वारीचा पाऊस पडला, पोरं हसत होती, वाजंत्रीवाले सरसावून बसले. बहिणीची सासू थकली होती, तरी काठी टेकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, आता कसं लग्नासारखं म्हटलं.

ती गेल्यावर बहीण जवळ आली. डोळे कोरडे होते. माझ्या खांद्यावरचे ज्वारीचे दाणे तिनं झटकले.

"चांगलं झालं दादा," ती म्हणाली. "कोणालेच काही समजलं नाही."