रवळनाथाच्या राखणीतले कॅमेरे

घाटकोपरच्या भटवाडीत, चढ संपतो तिथे सीताराम धुरींचं दुकान आहे. दुकान कसलं, दीड माणूस मावेल एवढा गाळा. वर वायरींची वेटोळी लोंबणारी आणि समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, सरकारी वायरमन परवाना. देवाच्या तसबिरीला एखाद्या दिवशी हार चुकला तर चुकला, पण परवान्याची काच रोज पुसायचीच.

त्याला कारण होतं. धुरी विशीत असताना शेजारच्या चाळीत एक नवी नवरी न्हाणीघरात शॉक लागून गेली. गिझरला अर्थिंगच नव्हतं. विद्युत निरीक्षक आले, मीटरला सील ठोकलं आणि रडारड चालू असतानाच त्यांनी विचारलं, "वायरिंग कुणी केलं? टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची?" सही कुणाचीच निघाली नाही. तो प्रश्न धुरींच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. पुढे गिऱ्हाईक म्हणे, "धुरी, अर्थिंगचं राहू द्या हो, पुढच्या वेळी बघू." धुरी पिशवी उचलायचे. "पुढच्या वेळी तुम्ही असाल, कशावरून?" बायकांना सांगायचे, "ताई, विजेचा एकेक नियम कुणाच्या ना कुणाच्या तिरडीवर लिहिलेला आहे." बायका म्हणायच्या, "इश्श, सकाळी सकाळी काय हे अभद्र!" आणि काम मात्र त्यांच्याकडूनच करून घ्यायच्या.

मग घरोघरी, सोसायटीसोसायटीत कॅमेरे आले. वायर ती वायर, म्हणून धुरींनी तेही काम घेतलं. डीलरकडे बसून चार गोष्टी शिकले, झालं. ना परीक्षा, ना परवाना, ना कुणी तपासायला येणार. कॅमेऱ्याच्या वायरीसुद्धा ते पाइपातून, एका रेषेत नेत. बघणारा म्हणे, झकास काम! पण त्या वायरीच्या टोकाला जे कुलूप असतं, त्याचा विचार त्यांना शिवला नाही. लोक पासवर्ड विसरायचे आणि अवेळी फोन करायचे. म्हणून धुरींनी सगळीकडे एकच ठेवला: गावच्या ग्रामदेवाचं, रवळनाथाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या झाकणावर पांढऱ्या मार्करने तो लिहूनही ठेवायचे. आपण विसरणार नाही आणि राखण करायला देव आहेच, असा त्यांचा साधा हिशेब. गावी घर बंद करून मुंबईला येताना देवाला राखणीचं गाऱ्हाणं घालून निघायचं, कडीला कुलूप असो नसो. तीच ही रीत.

धुरींची बहीण जयंती भांडुपला राहते. तिची मुलगी ऋतिका शाळेत गणित शिकवते. दिवसभर फळ्यापुढे उभं राहून तिची कंबर धरली, तेव्हा मामानेच तिला मुलुंडच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये धाडलं. "डॉक्टर गार्गी माझ्या ओळखीच्या आहेत. बाईमाणूस आहे, निर्धास्त जा."

त्या क्लिनिकमधले कॅमेरे धुरींनीच लावले होते. पलंगाच्या खोलीत लावायच्या वेळी त्यांनी विचारलंही होतं, "बाई, इथे कशाला?" डॉक्टर म्हणाल्या, "महागाची मशीन आहेत हो. आणि उद्या कुणी पेशंटने भलतेच आरोप केले तर? माझ्याशिवाय कोण बघणार आहे?" धुरींनी स्क्रू आवळले.

एका दुपारी शाळेतल्या मैत्रिणीने ऋतिकाला बाजूला घेऊन फोनवर क्लिप दाखवली. क्लिनिकच्या पलंगावर ऋतिका पालथी, पाठ उघडी, चेहरा दाराकडे वळलेला. तोपर्यंत ती क्लिप दहावीच्या मुलांच्या मोबाइलवर फिरून आली होती.

धुरी तिला घेऊन पोलिसांत गेले. सायबरचं काम बघणारी अधिकारी तरुण होती, नीट बोलली. क्लिप काढायला संबंधितांना लिहिते म्हणाली. एका ठिकाणची काढली तर दुसरीकडे वर येणारच नाही, असं मात्र सांगू शकत नाही, हेही म्हणाली. ऋतिका सही करून बाहेर बाकावर जाऊन बसली.

धुरी तिथेच घुटमळले. "मॅडम, हे लोक कॅमेऱ्यात शिरले कसे?"

"एका सोसायटीचा रेकॉर्डर बंद पडला होता. सेक्रेटरीने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, दुरुस्तीसाठी. झाकणावर पासवर्ड लिहिलेला. तो फोटो फिरला, आणि कुणीतरी तोच पासवर्ड इंटरनेटवरच्या तसल्या सगळ्या यंत्रांना लावून बघितला. जिथे लागला, तिथे आत."

"ते झाकण... ते अक्षर माझं आहे, मॅडम. ही सगळी कामं माझी. माझं नाव घाला."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, ज्याने चोरून टाकलं त्याच्यावर गुन्हा. तुम्ही कामात हयगय केलीत, पण तुम्हाला कुठल्या नियमात बसवू?"

"अर्थिंग न करता मी वायरिंग दिलं असतं तर?"

"तर परवाना गेला असता, तुम्ही आत गेला असतात."

"मग हे?"

"ह्याला तुमचा परवाना कुठे आहे जायला? कायदे आहेत, येतायत. पण घरोघरी जाऊन कुलूप तपासणारा निरीक्षक अजून मला तरी भेटलेला नाही."

भांडुपला घरी पोहोचल्यावर ऋतिका आत गेली, धुरींनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याशी उभं राहूनच बहिणीला सगळं सांगितलं. जयंती इतकी वर्षं मुंबईत राहिली, पण जिवावर आलं की तिच्या तोंडून मालवणीच येते.

"दादा, माझ्या चेडवाचा वाटोळा तू केलंस?"

"होय गे."

"दुसऱ्यांच्या घरात अर्थिंग नाय म्हणान भांडणा करीत फिरलंस. आणि माझ्या चेडवाक उघड्या दारात नेऊन बसवलंस?" तिने डोळ्यांना पदर लावून भिंतीकडे तोंड केलं. "जा तू. माका तोंड दाखवू नको."

आतल्या खोलीतून ऋतिका आली. शाळेने तिला "थोडे दिवस विश्रांती घ्या" म्हटलं होतं. त्या शब्दांचा अर्थ तिला न कळण्यासारखा नव्हता.

"मामा, अजून किती ठिकाणी तोच पासवर्ड आहे?"

धुरी मनात मोजू लागले. घाटकोपरच्या सोसायट्या, मुलुंडचे क्लासेस, एक पाळणाघर, बोरिवलीचं मुलींचं हॉस्टेल...

"हॉस्टेल?" ऋतिका किंचाळलीच. "मग इथे काय करतोयस तू? जा ना!"

हॉस्टेलच्या इमारतीचे सेक्रेटरी खाली खुर्ची टाकून बसले होते. धुरींनी पासवर्ड बदलायचं काढलं तसे ते हसले.

"कॅमेरे चालू आहेत ना? मग? अहो, पोरींच्या आईवडिलांच्या फोनवर सगळं सेट केलंय. परत त्यांना कोण समजावत बसणार?"

"साहेब, धोका आहे."

"कोण म्हणतं? सरकारचा कागद आलाय? नोटीस आहे? तुम्ही लोक ना, काम नसलं की काम काढता. पुढच्या मीटिंगमध्ये बघू."

धुरींकडे कागद नव्हता. विजेचं असतं तर एक शब्द बोलायची गरज नव्हती, निरीक्षकाचं नाव काढलं की भलेभले उठून उभे राहतात. इथे दाखवायला एकच गोष्ट होती, भाचीची उघडी पाठ. तिच्या नावाने एक वाक्य बोलले असते तर हा माणूस आत्ता उठला असता, आणि उद्या ते वाक्य साऱ्या बोरिवलीत झालं असतं.

वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मुली ओले केस वाळवत उभ्या होत्या.

धुरी उठले, मीटरच्या खोलीपाशी गेले आणि टेस्टर लावल्यासारखं केलं. उभ्या आयुष्यात त्यांनी विजेबद्दल खोटं सांगितलं नव्हतं.

"साहेब, रेकॉर्डरच्या लाइनचं अर्थिंग गेलंय. बॉडीत करंट उतरतोय. कुणी हात लावला तर जागच्या जागी जाईल. सही कुणाची, विचारतील."

सेक्रेटरी ताडकन उठले. "अहो, मग बघत काय बसलात? वॉचमन! किल्ली आण! मेन बंद कर आधी!"

रेकॉर्डरची केबिन उघडली. धुरींनी पोरींच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमधला कॅमेरा काढून पिशवीत टाकला, मग मेन चालू करून बाकीच्यांचं पासवर्डचं कुलूप बदललं, झाकण पुसलं. सेक्रेटरी लांब उभे राहून विचारत होते, "आता शॉक नाही ना बसणार? नक्की?"

"नाही बसणार."

"देवासारखे आलात हो धुरी."

धुरींनी मान वर केली नाही. बाहेर येऊन त्यांनी भांडुपला फोन लावला. जयंतीने घेतला आणि तसाच मुलीच्या हातात दिला.

"हॉस्टेलचं झालं गं."

"हं," ऋतिका म्हणाली. मग म्हणाली, "मामा, आज परत आली ती क्लिप. दुसऱ्या नावाने."

धुरी फोन कानाला लावून फुटपाथच्या कडेला बसले.

"पाळणाघराचं कधी करतोयस?" तिनेच विचारलं.

"आत्ता निघतो."

"जा मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.