वासुदेवच्या गाडीतला मोहाचा वास

गाडीच्या चारही काचा वर करून मी आणि वासुदेव आत बसलो होतो, आणि मी त्याचं तोंड हुंगत होतो.

"आता श्वास सोड," मी म्हणालो.

त्यानं सोडला. जेवणातल्या कांद्याचा वास आला, बाकी काही नाही.

"खरं सांग वासुदेव. घेतली होती का त्या दिवशी?"

"हनीफभाऊ, गळ्यात माळ हाये माह्या," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. असं विचारणारा मी पहिला नव्हतो, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

गोष्ट अशी होती. वासुदेव कोरपन्याजवळचा कापूसवाला शेतकरी. त्याच्या मुलीची, वैशालीची, सोयरीक चामोर्शीकडे चालली होती. मुलगा तिला पसंत, मुलाला ती पसंत. फक्त मुलाचा बाप, किसनराव, घर पाहायला यायचा होता. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि हा माणूस आपल्या गावात त्या कामात सगळ्यांच्या पुढे. तो बसनं चंद्रपूरला आला. तिथून वासुदेवनं त्याला आपल्या गाडीत घेतलं. राजुऱ्याच्या पुढे किसनरावानं नाकाला रुमाल लावला. कोरपन्यात चहाही अर्धा ठेवला. घरी गेल्यावर मध्यस्थाकडून निरोप पाठवला, की गाडीत मोहाच्या दारूचा घमघमाट होता, पिणाऱ्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही.

मध्यस्थानं हातापाया पडून आणखी एक भेट ठरवली होती. रविवारी किसनराव परत येणार होता, त्याच रस्त्यानं, त्याच गाडीत. आज शनिवार होता.

"पोरगी काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, बाबा, माहा तुमच्यावर भरोसा हाये. पण तिच्या मायनं काल देवघराच्या मागं हात घालून पाह्यला."

"बाटली?"

"व्हय."

त्याच्यापुरतं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आतून मला बरंही वाटत होतं. कारण तो कितीतरी महिन्यांनी माझ्या गॅरेजवर आला होता, आणि देवरावकडे गेला नव्हता.

देवराव कोण ते सांगतो. गडचांदूरमध्ये सिमेंट कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेला माणूस. मिस्त्री नव्हे. रिटायर झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यानं स्वतःच्या गाडीचं इंजिन ऑइल बदललं. मग शेजाऱ्याचं. मग दर रविवारी त्याच्या घरापुढे गाड्या लागू लागल्या. तो पैसे घेत नाही, तो शिकवतो. ऑइल फिल्टर म्हणजे काय, तर इंजिनमध्ये फिरणारं तेल गाळणारी चाळणी, ती तेलासोबत बदलायची. एअर फिल्टर म्हणजे इंजिनच्या नाकाला बांधलेला रुमाल, आमच्याकडे सिमेंटच्या धुळीत तो लवकर कोंदतो, म्हणून उघडून झटकायचा. कूलंट गार इंजिनवरच भरायचं, गरम असताना झाकण फिरवलं तर तोंड भाजतं. ब्रेक ऑइलचा डबा उघडा ठेवायचा नाही, ते हवेतला ओलावा ओढतं. हे सगळं मी उभ्या आयुष्यात लोकांना सांगितलं. माझ्याकडून कोणी शिकलं नाही. त्याच्याकडून लोक खुर्ची टाकून शिकत होते. वर चहा.

वासुदेवही तिकडे जाऊ लागला. पूर्वी सर्व्हिसिंगला यायचा तेव्हा दुपारभर माझ्या बाकड्यावर बसायचा, शेतातली वांगी आणायचा. आता तो माझ्या गॅरेजपुढून जाताना गाडी जराशी जोरात हाणायचा. माझी बायको शमीम हे सगळं पाहायची. एकदा म्हणाली, "क्या हुआ जी, सौतन आली का तुमची?" मी तीन घास ठेवून उठलो. ती हसतच राहिली.

तर आता वासुदेव माझ्याकडे होता. मी ठरवलं, हा वास मी काढणार, आणि देवरावच्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट पोहोचेल असा काढणार.

पहिल्यांदा मी मॅट काढल्या. सीटखाली हात घातला. डिकी उघडली, स्टेपनीच्या खड्ड्यात पाहिलं. कोणी मोहाच्या फुलांचं पोतं वाहिलं असेल, रस सांडला असेल, असं वाटलं. दिवस मोहाचेच होते. पण सगळं कोरडं. मग वासुदेवला बाजूला बसवून नांद्याच्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. काचा उघड्या होत्या. वास नावाला नाही.

"तुले येते का वास कधी?" मी विचारलं.

"मले तं नाई येत. पाव्हण्यालेच आला."

इथं मी थांबलो. गाडीतला दोष शोधताना एक प्रश्न नेहमी विचारायचा असतो: दोष आला तेव्हा वेगळं काय चाललं होतं?

"पाव्हणा बसला तेव्हा तू काय केलं? रोज करत नाई असं."

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "एसी लावला. रोज कोन लावते? डिझेल जाते. पाव्हणा होता म्हनून लावला."

मी काचा वर केल्या, इंजिन चालू केलं, पंखा मोठा केला, एसी लावला. थोड्या वेळात जाळीतून वास आला. आंबट, गोड, उग्र. मोहाची भट्टी ज्यानं जवळून पाहिली आहे त्याला दुसरं नाव सुचणार नाही असा. वासुदेवनं दोन्ही हात डोक्याला लावले.

"आता कुठी पळते पाहू," मी म्हणालो.

एसीची हवा डॅशबोर्डच्या पोटातून येते. तिथं एक थंड जाळी असते, तिच्यावर पाणी जमतं, आणि एका नळीवाटे ते खाली रस्त्यावर गळतं. नळी तुंबली तर पाणी साचतं आणि कुजट वास येतो. मी गाडीखाली गेलो, नळीत हवा मारली, थोडा चिखल निघाला. जाळीवर साफ करायचा फेस मारला. परत एसी लावला. पहिल्यांदा फेसाचा लिंबू वास आला. मग लिंबाच्या मागून मोह आला.

"एसीचा फिल्टर पाहून घेता का?" वासुदेव हळूच म्हणाला.

"या मॉडेलले एसीचा फिल्टर येतच नाई," मी म्हणालो. "महाग मॉडेलले येते. तुह्या गाडीत त्या जागी कंपनीनं प्लास्टिकचं बंद झाकन देल्लं हाये. मले शिकवून राह्यला का?"

"नाई, मी आपलं विचारलं."

मी पुन्हा गाडीखाली गेलो. तो बाकड्यावर बसला, उठला, परत बसला. त्याची चप्पल मला खालून दिसत होती, एका जागी राहत नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं. शेवटी तो गाडीखाली वाकला.

"हनीफभाऊ, एक डाव डॅशचा कप्पा काढून पाहा ना."

"कोनता?"

"डावीकडचा. कागदं ठेवतो तो."

त्याचा आवाजच असा होता की मी बाहेर आलो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबला की सुटून खाली लोंबतो. तो लोंबला. मागे ते झाकण होतं, म्हणजे असायला पाहिजे होतं. त्या जागी चौकोनी भोक होतं. पातळ पात्यानं कापलेलं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, कोपरे काटकोनात. त्यात एक फिल्टर सरकवलेला होता.

मी त्या कडांवरून बोट फिरवलं. एवढ्या अडचणीच्या जागी, मान वाकडी करून, एवढं सरळ कापणं सोपं नाही. मी कापलं असतं तर एखादी कड खरखरीत राहिली असती. गाडीत घाण निघाली असती तरी चाललं असतं. सफाई निघाली.

"हे कोनी केलं?"

वासुदेव जमिनीकडे पाहत होता.

"देवरावनं?"

"दिवाळीच्या मागं. धूळ येते म्हनलं, तं त्यानं लावून देल्ला."

"आणि आत्तापर्यंत मी गाडीखाली लोळून राह्यलो, तं तुह्या तोंडातून निघालं नाई?"

"तुम्ही रागावले असते."

"आता नाई रागावलो का?"

"आता तं पोरीचं हाये," तो म्हणाला. "म्हनून सांगतलं."

मी परत कप्प्याच्या जागी वाकलो. फिल्टर ओढला. अर्धा आला आणि अडकला. मग जोर लावला तसा बाहेर आला, आणि त्याच्या घड्यांमध्ये मोहाची फुलं होती. काही चपटी, काही लगदा झालेली, काळपट, चिकट. वासानं गॅरेजमधली मांजर उठून गेली.

सगळं जुळलं. वासुदेव गाडी शेतातल्या मोहाच्या झाडाखाली लावायचा, सावली म्हणून. पहाटे फुलं गळतात. काचेवर पडलेली फुलं तो सकाळी बादलीनं धुऊन काढायचा. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, एक जाळी असते, एसी तिथून बाहेरची हवा ओढतो. त्या जाळीचा कोपरा तुटला होता. पाण्यासोबत फुलं आत, आणि आत देवरावचा फिल्टर झोळीसारखा तयार. ओली फुलं, बंद पेटी, उन्हाळ्याची गरमी. गाडी उभ्या उभ्या दारू गाळत होती.

फिल्टर धुण्यासारखा राहिला नव्हता, तो कागदी होता. भोक तसंच ठेवलं तर पुढची फुलं सरळ पंख्यात पडली असती. नवा फिल्टर पाहिजे होता. गडचांदूरच्या दुकानात त्या मापाचा नव्हता. चंद्रपूरला जाऊन येईपर्यंत दुकान बंद झालं असतं.

"देवरावपाशी एक असते," वासुदेव म्हणाला. "तो जास्तीचा आणून ठेवते."

"मंग जा, आन."

"मी नाई जात. तुमी चाला. तो विचारते, काय झालं म्हनून. मले नाई सांगता येत त्याले."

म्हणजे वासुदेवला हे मला सांगता येत होतं, देवरावला नाही. एवढ्यावर मी उठलो.

देवराव अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी कुजलेला फिल्टर त्याच्यापुढे धरला.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "काय आनलं? महाप्रसाद?"

"तुमचं काम हाये. वासुदेवच्या गाडीतलं."

त्यानं नाक मुरडलं, मग फिल्टर हातात घेऊन उलटा केला. "याले सांगतलं होतं, महिन्यात एक डाव काढून झटकत जा. झटकला नाई. काऊन रे वासुदेव?"

वासुदेव माझ्यामागे उभा होता. "कसा झटकू? शेतातल्या धुळीत कप्पा उघडायचा नाई म्हनले तुमी. तुमच्याकडे यायचं तं हनीफभाऊच्या गॅरेजपुढून, त्यायले दिसते. त्यायच्या गॅरेजवर काढला तं तुमचं काम त्यायले दिसते."

देवराव माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे.

"म्हंजे हा आपल्या दोघाइले भेऊन राह्यला," देवराव म्हणाला.

"तुमाले कोन भेते," मी म्हणालो. "मलेच भेते तो."

"हे बाकी खरं हाये."

तो आत गेला आणि नवा फिल्टर घेऊन आला. देऊन टाकेल असं मला वाटलं होतं. तो शर्टाच्या बाह्या वर करून सोबतच निघाला. मी नको म्हणालो. तो आला.

गॅरेजवर आम्ही दोघांनी काम केलं, फार न बोलता. मी काचेखालची जाळी खोलली, आतली फुलं वेचली, पेटी धुऊन हवेनं कोरडी केली, पंख्याची पाती पुसली. देवरावनं मच्छरदाणीची जाळी कापून तुटक्या कोपऱ्यात बसवली. ती त्यानं चिकटपट्टीनं लावली होती. मी ती उपटून स्क्रूखाली दाबून बसवली, कारण उन्हात चिकटपट्टी सुटते. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं मान हलवली. फिल्टर लावताना मी त्याच्यावरचा हवेची दिशा दाखवणारा बाण वर करून धरला, तर तो म्हणाला, "हवा वरून खाली येते इथी, बाण खाली." मी आत बोट घालून पाहिलं. बाण खाली केला.

एसी लावला. आम्ही तिघं काचा बंद करून आत बसलो. प्लास्टिकचा वास आला, नव्याचा. मग तोही गेला.

रविवारी वासुदेवनं मला सोबत चला म्हटलं. देवरावला बोलावलं नाही, हे मी लक्षात ठेवलं. चंद्रपूरच्या बसस्टँडवर किसनराव पुढे बसला, मी मागे. एसी लावलेला. बल्लारपूर गेलं, राजुरा गेलं. रुमाल खिशातच राहिला. मग किसनराव सरळ समोर पाहत म्हणाला, "मागच्या डावाले काय होतं मंग?"

वासुदेवनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मागून सगळं सांगितलं, झाड, बादली, तुटकी जाळी, फिल्टर. किसनरावानं ऐकून घेतलं आणि समोरच्या जाळीपाशी नाक नेऊन हुंगलं.

"आमच्याकडं मोहाखाली साडी अंथरते बायका, फुलं वेचाले," तो शेवटी म्हणाला. "गाडी अंथरनारा तूच पाह्यला."

आणि तो हसला. वासुदेव गाडी बाजूला घेऊन खाली उतरला, डोळ्यांवर पाणी मारलं आणि परत बसला. कोरपन्यात किसनरावानं चहा पूर्ण घेतला, वर आणखी मागितला. सोयरीक पक्की झाली.

जेवताना किसनरावानं विचारलं, "माह्याही गाडीत लय धूळ येते. असा फिल्टर कोन लावून देते?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"देवरावभाऊ लावून देते," वासुदेव म्हणाला. "गडचांदूरचे. लय सफाईचं काम हाये त्यायचं."

मी भात कालवत राहिलो. वैशालीनं आणखी वरण वाढलं, मी नको म्हटलं नाही.

नवीन मिस्त्री लोक विचारतात, दोष सापडत नसला तर काय करायचं. मी सांगतो, गाडी काही लपवत नाही. लपवतो मालक, आणि तो मिस्त्रीचं तोंड पाहून लपवतो. माझ्याकडे आता कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, याच्याआधी कोणाकोणाचा हात लागला हिला. हे विचारताना तोंड साधं ठेवायचं असतं. या धंद्यात मला एवढंच एक काम अजून नीट जमत नाही.