लाल दोरीचं पान

मालवणच्या बंदराजवळ बर्फाचा एक कारखाना आहे. तिथे आल्बर्ट फर्नांडिसने तेहतीस वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं तो एकच गोष्ट मागत होता: आपल्याला जे ठाऊक आहे ते कुठेतरी लिहून ठेवा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे मालकांच्या कणकवलीच्या ऑफिसात त्याच्याबद्दल बोललं गेलं ते नेमकं उलट. म्हातारा नव्याला घाबरतो, म्हणे. घाबरणारा माणूस अमोनियाच्या मशीनशेजारी तेहतीस वर्षं उभा राहत नाही.

या मागणीला कारण होता त्याच्या हाताखालचा गंगाराम. मशीनघरात तेल साठण्याचं एक लोखंडी भांडं आहे. आठवड्यातून एकदा त्यातलं तेल काढावं लागतं. वरून अमोनिया येतो तो व्हॉल्व्ह आधी घट्ट बंद करायचा, मगच खालचा पाच नंबरचा उघडायचा. काम एवढंच. वरती एकसारखी दोन चाकं शेजारी-शेजारी आहेत, दोन आणि तीन नंबरची. अकरा वर्षांपूर्वी आल्बर्टने गंजलेला पाइप बदलला तेव्हा दोनचं काम तीनकडे गेलं, पाट्या मात्र होत्या तशाच राहिल्या. आठ दिवस रजेवर असलेला गंगाराम परत आला आणि पाटी बघून त्याने दोन नंबर बंद केला. पाच उघडल्यावर जे अंगावर आलं त्यात त्याचा उजवा डोळा गेला.

पाट्या बदला, असं आल्बर्ट त्याच दिवशी मालकांना म्हणाला. मालक सत्यवानशेठ म्हणाले, सरकारी तपासणीच्या फाइलीतल्या नकाशात हेच नंबर आहेत, पाट्यांना हात लावू नकोस, नकाशा बदलून आणतो. नकाशा काही आला नाही. आल्बर्टने जाळ्याची लाल दोरी घेतली आणि तीन नंबरच्या चाकाला गाठ मारून टाकली. तेव्हापासून मशीनघरात नंबर कुणी उच्चारलाच नाही. ‘लाल दोरी बंद केलीस?’ एवढंच विचारायचे. सात माणसांना ते पुरत होतं. गंगारामला फाटकावर बसवलं आणि त्या गोष्टीवर पडदा पडला. आल्बर्टने मात्र दरवर्षी लिहून ठेवण्याचं तुणतुणं लावलं, आणि शेठ दरवर्षी ‘बघू’ म्हणाले.

यंदा आल्बर्टची निवृत्ती आली तेव्हा शेठ जागे झाले. पुण्याहून परतलेला त्यांचा पुतण्या विनीत कामाला लागला, आणि सगळी माहिती एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर निवडायला कणकवलीत बैठक भरली. आल्बर्टही रिकाम्या हाताने आला नव्हता. त्याची मुलगी रॉविना पणजीला एका ग्रंथालयात असते. तिने कारखान्यात हजेरी लागते त्या टाइम ऑफिसातल्या जुन्या संगणकावर एक फुकटचा विकी बसवून दिला होता. कारखान्याच्या वायफायवर तो चालायचा, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी चालायचा. कुणीही पान लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. कोणी काय बदललं ते नाव-तारखेसह तळाशी उमटायचं.

“दिसायला अगदीच जुनाट आहे,” विनीत म्हणाला आणि त्याने भिंतीवर आपलं सॉफ्टवेअर दाखवलं. सुंदर होतं, नाकारण्यात अर्थ नाही. फोटो होते, रंगीत चौकटी होत्या. लिहिण्याचा अधिकार मात्र माणशी महिन्याला पैसे मोजून मिळायचा, म्हणून तो दोघांनाच घेतला होता: विनीतला आणि ऑफिसातल्या दीपिकाला. बाकीच्यांनी वाचायचं.

“पण चूक सापडली तर?” आल्बर्टने विचारलं.

“सूचना पाठवायची, काका. आम्ही तपासून दुरुस्त करू.”

“मशीनघरात रेंज नाही. भिंती जाड आहेत.”

“बाहेर येऊन वाचायचं. दोन पावलं तर चालायची.”

सगळे हसले. ऑफिसात आल्बर्ट शुद्ध मराठी बोलायचा आणि त्या मराठीत त्याला भांडता येत नसे. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाच त्याला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

पंधरा दिवसांनी पानं तयार झाली. विनीत एका रविवारी फोटोवाल्याला घेऊन आला होता, आल्बर्ट तेव्हा चर्चमध्ये मिसाला गेलेला. सोमवारी आल्बर्टने आपल्या जागी येणाऱ्या सिद्धेशला पहिल्यांदा तेल काढायला उभं केलं. सिद्धेश पस्तिशीचा, आधी औषधांच्या कारखान्यात होता. तिथे लिहिल्याबाहेर बोट हलवायचं नाही अशी शिस्त, आणि ती त्याच्या हाडात मुरलेली. पुढच्या महिन्यापासून तो या पाळीला एकटा असणार होता. त्याने बाहेर जाऊन पान मोबाईलवर उतरवून आणलं, मोठ्याने वाचलं, दोन नंबर घट्ट बंद केला आणि पाच नंबरच्या चाकाला हात घातला.

आल्बर्टची नजर वर गेली. तीन नंबरवर दोरी नव्हती.

“हात काढ,” तो म्हणाला. “आधी हात काढ.”

सिद्धेशने हात काढला. आल्बर्टने स्वतः तीन नंबर बंद केला आणि मोबाईल हातात घेतला. फोटो झकास होता. चाकं पुसलेली, पाट्या चकचकीत. दोरी घाणेरडी दिसत होती म्हणून फोटोसाठी कापून टाकली होती, आणि पाट्यांवरचे नंबर बघून दीपिकाने इमानेइतबारे पान लिहिलं होतं: दोन बंद करा, पाच उघडा. गंगारामचा डोळा गेला तो ज्या क्रमाने, तोच क्रम रंगीत चौकटीत.

आल्बर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्याने आधी रीतीप्रमाणेच केलं. धक्क्यावर येऊन सूचना पाठवली. लगेच उत्तर आलं: आपली सूचना मिळाली, दोन कार्यालयीन दिवसांत तपासली जाईल. विनीतला फोन केला. मीटिंगमध्ये आहे, असा संदेश आला. संदेशाखाली हसरा चेहरा होता.

मग आल्बर्ट आत गेला, मशीन पद्धतशीर बंद केलं, मशीनघराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. धक्क्यावर तीन ट्रॉलर बर्फासाठी उभे होते. त्यांवरचे तांडेल ओरडू लागले. आल्बर्टने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तासाभरात शेठ आणि विनीत गाडीतून उतरले. “काका, तुम्हाला हे सॉफ्टवेअर नकोच होतं,” विनीत म्हणाला. “म्हणून हा तमाशा?”

आल्बर्टने कुलूप काढलं. आता तो मालवणीत बोलला. “तमाशो मी नाय करूक, तू केलंस. चल आत. तुझा पान, तुझो हात. वाच आणि कर.”

विनीतने मास्क लावला आणि वाचलं. दोन नंबर आधीच बंद होता, तो त्याने आणखी आवळला. पाच नंबरवर हात ठेवला. शेठ दारात उभे होते. त्यांच्या मागून फाटकावरचा गंगाराम पुढे आला, एका डोळ्याने विनीतकडे बघत.

“मी पण हयसरच उभो होतंय,” गंगाराम म्हणाला. “ह्याच चाकावर हात होतो.”

विनीतचा हात चाकावरून निघाला. त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“मिया तीन नंबर आधीच बंद केलंय, म्हणान तुका हयसर उभो केलंय,” आल्बर्ट म्हणाला. “सकाळी सिद्धेश ह्याच करी होतो. तेची बायको घरात वाट बघता. दोन दिवस तपासतलास, नाय?”

“आत्ता दुरुस्त करतो,” विनीत म्हणाला. मोबाईल काढला, वर धरला, कोपऱ्यात नेला. रेंज नव्हती. “बाहेर जाऊन करतो. आणि काका, तुम्हालाही लिहायचा अधिकार देतो.”

“माका कित्याक? मी तीस तारखेक घराक जातलंय. सिद्धेशाक दी. गंगारामाक दी. जेचो हात चाकावर, तेका दी.”

“दोघांचेच पैसे भरलेत.”

शेठ गंगारामकडे पाहत होते, की पाहायचं टाळत होते, ते सांगता येत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “आल्बर्ट, रॉविनाचो तो संगणक आसा मां?”

“टाइम ऑफिसात. कपडो घालून ठेवलंय.”

दुपारी बर्फ सुरू झाला. नवीन दोरी आल्बर्टने बांधली, आणि शेठनी नव्या पाट्या करायला माणूस धाडला. अकरा वर्षं अडलेलं काम एका दुपारचं होतं, आणि त्यानेच आल्बर्टचा राग पुन्हा उसळला. पण या वेळी तो शेठवर थांबला नाही, फिरून त्याच्यावरच आला. पाट्या त्याला रंगवता आल्या असत्या. शेठ नको म्हणाले तरी एक डबा रंग आणि एक ब्रश पुरे होता. त्याने दोरी बांधली आणि आपलं काम झालं असं मानलं.

टाइम ऑफिसात तो सिद्धेशशेजारी बसला आणि सांगू लागला. सिद्धेश टाइप करत गेला. पहिलं वाक्य असं झालं: ‘पाट्यांवरचे नंबर चुकीचे आहेत, आधी लाल दोरी बंद करा.’ मग त्याने दुसरं सांगितलं. सिद्धेशने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“लिही,” आल्बर्ट म्हणाला.

‘हे अकरा वर्षं आल्बर्ट फर्नांडिसला ठाऊक होतं.’

हे वाक्य कामाच्या पानावर शोभत नाही, असं विनीत नंतर म्हणाला. त्याला ते काढता आलं असतं. तिथे कुणालाही काहीही काढता येतं. फक्त काढणाऱ्याचं नाव तळाशी उमटतं. आल्बर्ट घरी गेला, पाट्या बदलल्या, दोरीही सुटली, पण ते वाक्य अजून तिथेच आहे. त्याखाली गंगारामने एका बोटाने टाइप करून आपलं नाव जोडलंय: ‘गंगारामलाही.’