खिडकीखालची कोठी

मारेगावला माझी नेमणूक झाली तेव्हा मला वरण-भात सोडला तर काही करता येत नव्हतं. यवतमाळच्या आमच्या घरात स्वयंपाक आईचा आणि नोकरी वडिलांची, अशी वाटणी पक्की होती. मग वडील निवृत्त झाले. धाकटा भाऊ नागपूरला शिकत होता. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेली मी पगारातला मोठा भाग घरी पाठवायची आणि उरेल त्यात राहायची. पत्र्याची एक खोली, रॉकेलचा स्टोव्ह आणि घरून आणलेली चार भांडी, ज्यांच्यावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात माझं निम्मं अन्न वाया गेलं. सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत विटायचं, दूध नासायचं, तुरीच्या डाळीत किडे फिरायचे. एकदा बटाटे पिशवीत गाठ मारून तसेच राहिले. त्यांचा वास सुटला तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई दारात येऊन उभी राहिली.

"काय मेलं वं तुह्या घरात?"

तिनं पिशवी उचलून बाहेर नेली, आणि त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, बंजारा समाजाची. मुलगा आणि सून तांड्यावर शेती करत आणि ही मारेगावातल्या एका खानावळीत भाकरी थापायची. दोन वेळचं जेवण तिला तिथंच मिळे.

राखून खाणं मला तिनं शिकवलं. डाळीला एरंडेलाचा हात लावायचा आणि उन्हात घालायची. बाजार उठताना वांगी स्वस्त मिळतात, ती घेऊन चिरायची आणि वाळवून त्यांच्या खुला, वाळक्या फोडी, करून ठेवायच्या, म्हणजे पावसाळ्यात भाजीला जावं लागत नाही. कोथिंबीर ओल्या फडक्यात, कांदे मोकळ्या हवेत. महिन्याच्या शेवटी, हातात काही नसताना, ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवायच्या. वर तेलात परतलेली मिरची आणि लसूण. मी वहीत लिहून घेत असे आणि ती हसायची. "लिहून कायले राह्यली? हातानं कर, ध्यानात राहते."

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगावी सगळं रान कापसाखाली गेलं होतं आणि कापूस हाती लागत नव्हता. लागला तर त्याला भाव नव्हता. माझ्या टेबलावर पंचनाम्यांच्या चळती यायच्या. मी त्या शाईनं उतरवून काढत असे, गाव, गट नंबर, पीक, नुकसान. मावशीच्या मुलानंही कापूसच पेरला होता, फक्त बांधाच्या कडेनं ज्वारीची एक पट्टी. त्या पट्टीतून आलेलं एक पोतं उन्हाळ्यात तो तिच्याकडे आणून टाकून गेला.

मावशीनं ती ज्वारी चार दिवस अंगणात वाळवली, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरली आणि मला म्हणाली, "माही खोली ओल धरते पोरी. तुह्या घरात ठेवू काय?"

"ठेवा की. पण तुम्ही तर खानावळीत जेवता."

"हे नातीसाठी हाय. तांड्यावर चौथीच्या पुढं शाळा नाही. सुनेचं बाळंतपण अन् पोळा झाला का तिले इथं आणतो, पाचवीत नाव टाकलं हाय. माहं भागते, पण तिले दोन टाइम माह्याच चुलीवर घालावं लागंन ना."

आतल्या कोरड्या भिंतीला दोन विटांवर तिनं कोठी ठेवली. आषाढात सुनेच्या बाळंतपणाला तांड्यावर जाताना पुन्हा बजावून गेली, "आठ-पंधरा दिवसांनी हात घालून पाह्यजो. दाणा गरम लागला तं उन्हात टाकजो. अन् झाकण घट्ट लावजो बाई."

मी एकदा पाहिलं. दाणा थंड होता. मग श्रावणाची झड लागली. माझी खाट खिडकीपाशी होती आणि रात्रभर अंगावर पावसाचे तुषार यायचे. एका सकाळी वैतागून मी खाट आतल्या भिंतीला ओढली आणि कोठी सरकवत सरकवत खिडकीखाली नेली. विटा तिकडेच राहिल्या. दोन दिवसांपुरतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

त्याच सुमारास, पगाराच्या आधी, माझ्या डब्यातली ज्वारी संपली. मी नुकतीच धुतलेली वाटी घेतली, तशीच कोठीत घातली आणि कण्यांपुरती ज्वारी काढली. पगार झाला की भरून टाकू म्हटलं. असं मी तीनदा केलं. शेवटच्या वेळी कचेरीची घाई होती. झाकण बसलं की नुसतं टेकलं, हे मी पाहिलं नाही. वाटीही आतच राहिली आणि दुसऱ्या दिवशी जेवायला मी दुसरी घेतली.

पोळ्याच्या चार दिवस आधी खोलीत आंबूस वास यायला लागला. मी झाकण उचललं. वरचे दाणे काळपट पडून ढेकळासारखे चिकटले होते. हात घातला तर आतून वाफ लागली, मनगटावर सोंडकिडे चढले. ऊन नव्हतं, वाळवायला जागा नव्हती. मी झाकण लावलं, कोठी ओढत परत आतल्या भिंतीशी विटांवर नेली आणि कामावर गेले.

मावशी आली ती नातीला घेऊनच. दहा वर्षांची पोर, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, खांद्याला नवं दप्तर. तिनं काही विचारायच्या आधीच मी बोलून गेले, "मावशी, पत्रा गळला. ज्वारी भिजली."

तिनं वर पत्र्याकडे पाहिलं, मग कोठीमागच्या कोरड्या भिंतीकडे. खिडकीखालच्या फरशीवर गंजाचा गोल डाग होता. तिथंही ती थोडा वेळ बघत राहिली. "असं झालं काय," एवढंच म्हणाली.

दोन दिवस आजी-नात अंगणात सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या. आपसात त्यांच्या बंजारा गोरबोलीत बोलत, मी आले की मराठीत. पोरीनं मला विचारलं, "तुमच्या हापिसात बाया किती हाय?"

"मी आणि अजून एक."

"पुस्तकं लय शिकावी लागते काय त्यासाठी?"

"शिकलीस की येशील तूही," मी म्हटलं. किती सहज म्हटलं.

निवडलेल्यातली थोडी ज्वारी मावशीनं दळून आणली आणि भाकरी केली. ती कडू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझी वाटी होती. राखेनं घासलेली, वडिलांचं नाव वर येईल अशी ठेवलेली. मावशी पोरीचं दप्तर हातात घेऊन एसटीला निघाली होती.

"यंदा राहू दे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नवं पीक आलं का पुढच्या साली आणीन."

तेव्हा मला बोलता आलं असतं. पोर माझ्या खोलीत जेवेल, एवढंच म्हणायचं होतं. एका लहान पोरीच्या दोन भाकरी मला जड नव्हत्या. तोवर मी काटकसर शिकले होते, तिच्याकडूनच. पण तसं म्हटलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं. मी वाटी उचलली आणि आत गेले.

मावशी संध्याकाळी एकटी परत आली. त्यानंतरही ती माझ्याशी नीट वागली. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आणून दिल्या, तापात आंबील करून पाजली. ती कमी बोलायची, किंवा मला तसं वाटायचं. कापूस त्याही साली गेला. उन्हाळ्यात माझी बदली कळंबला झाली. सामान बांधताना मी तिला डाळ, तांदूळ, स्टोव्ह, सगळं देऊ केलं. तिनं फक्त रिकामे डबे घेतले.

बऱ्याच वर्षांनी कामासाठी मारेगावला गेले होते. परतीच्या एसटीची वाट बघत असताना कडेवर लेकरू असलेली एक तरुण बाई जवळ आली. "तुम्ही त्या हापिसातल्या बाई ना? आजीच्या शेजारच्या?"

वेण्या नव्हत्या, पण तेच डोळे. आजी आदल्या वर्षी गेली होती. शाळेचं मी विचारलं.

"नाही गेली मी मंग. भाऊ लहान होता, त्याले कोण पाहीन? मंग लग्नच झालं." ती हसली. "त्या साली तुमचा पत्रा गळला होता ना. आजी सांगे."

मावशीनं घरातही माझं खोटं तसंच ठेवलं होतं. मी तिथंच बाकावर बसून त्या पोरीला सगळं सांगितलं. खाट, खिडकी, ओली वाटी, उघडं झाकण. ती ऐकत राहिली. लेकरानं तिच्या गळ्यातलं ओढलं तेव्हा त्याची मूठ सोडवली.

मग म्हणाली, "मले तवा वाटे, मी दोन दिवसांत जास्त खाल्लं म्हणून आजीनं परत नेलं. लय दिवस तसंच वाटे मले. घरी मंग मी कमी कमी खावो."

तिची गाडी लागली. "धरा जरा बाई," म्हणत तिनं लेकरू माझ्या हातात दिलं, पिशवी आत टाकली, वर चढली आणि दारातून वाकून लेकरू परत घेतलं. खिडकीची जागा मिळाली का हे मी बाहेरून बघत होते. गर्दीत ती दिसली नाही.